अदिस अबाबा, आई आणि दोन किलो सेव

तिकीट अजून काढलेलं नाही, पण आईने सेव आणून ठेवलीये. दोन किलो, लौंगवाली. मी म्हटलं अगं व्हिसा नाही, लस नाही, तर म्हणे सेव काय पळून जाते का.

तर जायचंय अदिस अबाबाला, इथिओपिया. आईचे काका १९६४ साली इंदूरहून तिकडे शाळेत गणित शिकवायला गेले होते, सम्राट हैले सेलासींच्या काळात आपल्याकडचे बरेच शिक्षक तिकडे गेले, त्यातलेच एक. आता काका नाहीत, काकू नाहीत, ट्रंकेत फक्त शाळेने दिलेलं एक सर्टिफिकेट आहे आणि त्यावर साल १९५८. म्हणजे काका जायच्या सहा वर्षं आधीचं! घरात सगळे म्हणायचे क्लार्कने घोळ घातला. मागच्या महिन्यात प्लॅनिंगला बसलो तेव्हा कळलं की त्यांचं कॅलेंडरच आपल्या सात-आठ वर्षं मागे चालतं, महिने तेरा, शेवटचा पाच-सहा दिवसांचा, आणि नवीन वर्ष ११ सप्टेंबरच्या आसपास. त्यांचं १९५८ म्हणजे आपलं सप्टेंबर १९६५ ते सप्टेंबर १९६६. काका तेव्हा तिथेच होते. आई जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, उगाच इतकी वर्षं त्या क्लार्कला नावं ठेवली रे.

घड्याळाचंही तसंच. दिवस उजाडल्यापासून मोजतात, म्हणजे आपले सकाळचे सात तो त्यांचा एक. टॅक्सीवाला तीनला येतो म्हणाला तर सकाळी नऊला खाली उभं राहायचं, नाहीतर गेली टॅक्सी. माझं डोकं गरगरलं, आईला लगेच पटलं, म्हणे सूर्य आला की दिवस सुरू, बरोबरच आहे.

जो भेटतो तो मात्र हाइटचंच विचारतो. इंदूर साधारण साडेपाचशे मीटरवर, अदिस साधारण २,३५० वर, म्हणजे उटीच्या थोडं वर. लेहसारखं नाही. पहिले एक-दोन दिवस हळू चालायचं, पाणी प्यायचं, आणि एंटोटोचा डोंगर, जो तीन हजारांच्याही वर जातो, तो शेवटी ठेवायचा. पाणी तिथे ९२ डिग्रीच्या आसपासच उकळतं, म्हणून डाळ शिजायला वेळ लागतो. हे ऐकून आईने छोटा कुकर पण काढला. तो मी लपवलाय.

जेवणाचं टेन्शन नाही. बुधवार-शुक्रवार तिकडे ऑर्थोडॉक्स लोकांचा उपास, मांस दूध अंडी काही नाही, म्हणून शाकाहारी ताट सहज मिळतं. टेफ नावाच्या बारीक धान्याच्या पिठाची आंबूस इंजेरा, आपल्या आंबोळीची मोठी बहीण म्हणा, आणि त्यावर शिरो, जे चक्क तिखट पिठलं आहे. आई म्हणे उपासाला पिठलं? हा कसला उपास!

खरी अडचण यलो फीव्हरच्या लसीची. गंमत बघा, अदिस इतकं उंच की तिथे मच्छरांची फारशी भीती नाही, पण इथिओपिया यलो फीव्हरच्या देशांच्या यादीत आहे, आणि आपल्याकडे हा रोग नाही पण तो पसरवणारे मच्छर भरपूर, म्हणून परत येताना आपलं सरकार लस घेतल्याचं पिवळं कार्ड मागतं. लस जायच्या निदान दहा दिवस आधी, ती पण ठरलेल्या सरकारमान्य केंद्रांवरच. एका ठिकाणी फोन केला तर म्हणाले बाटली फोडली की लगेच संपवावी लागते, माणसं जमली की कळवू. वरून आई चौसष्ट वर्षांची, आणि साठीनंतर ही लस डॉक्टरांना विचारूनच. डॉक्टर म्हणाले रिपोर्ट घेऊन या, मग बघू.

कार्ड नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात, हे मी आईला सांगितलं, घाबरेल असं वाटलं.

म्हणाली, मग परतीची सेव वेगळी बांधते.