माशी एकच, पाणी तीन तऱ्हेचं

ट्राउटच्या फ्लाय फिशिंगसाठी (गळावर पिसं-केस बांधून केलेल्या नकली माशीने, म्हणजे फ्लायने, मासे धरणं) येणाऱ्यांना नदीवर घेऊन जाणं हे माझं काम. परवा आभाळ भरलेलं होतं, पाण्याचं तापमान ११ अंश. अशा दिवशी दुपारी ऑलिव्ह मेफ्लाय, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या छोट्या माश्या, पाण्यातून वर निघतात, तशा त्या निघाल्याही. तीनशे मीटरच्या पट्ट्यात सगळीकडे हीच एक माशी: राखाडी पंख, ऑलिव्ह अंग, १८ नंबरच्या गळाएवढी (नंबर मोठा तसा गळ लहान). तरी तीन जागी तीन वेगळ्या तऱ्हेच्या फ्लाय बांधाव्या लागल्या आणि मधल्या जागी पाऊण तास गेला.

सुरुवात खळाळात केली. गुडघाभर पाणी, तळाला गोटे, वरचा पृष्ठभाग सगळा फुटलेला. इथे माशाला फ्लाय जेमतेम एक-दोन सेकंद दिसते, घ्यायची की सोडायची ते तेवढ्यातच ठरतं. नक्कल हुबेहूब नसली तरी चालते. फ्लाय तरंगली पाहिजे आणि आपल्याला दिसली पाहिजे. म्हणून १४ नंबरची एल्क हेअर कॅडिस ही केसांची, छान तरंगणारी फ्लाय, नऊ फुटी लीडर (लाइनच्या टोकाचा निमुळता धागा), ४एक्स टिपेट (लीडरचं शेवटचं बारीक टोक; एक्सचा आकडा मोठा तसं ते बारीक). अंतर आठ मीटरच्या आत, रॉडचं टोक उंच, म्हणजे मधल्या धारांवर लाइन पडत नाही. अर्ध्या तासात तीन मासे.

खळाळ ओसरतो तिथून आरशासारखा संथ पट्टा सुरू होतो. तिथे सहा-सात मासे आपापल्या जागी वर येत होते. सोबतच्या गृहस्थांनी तीच कॅडिस टाकली. पहिला मासा वर आला, फ्लायखाली नाक धरून हातभर तिच्याबरोबर वाहत गेला आणि खाली वळला. दुसऱ्यानेही तेच केलं. मग १८ ची पॅराशूट अ‍ॅडम्स, म्हणजे मेफ्लायसारखी दिसणारी तरंगती फ्लाय, टिपेट ६एक्स, म्हणजे साधारण ०.१३ मिलिमीटर. तरी नकार.

"आणखी बारीक टिपेट बांधू का?"

"थांबा, टिपेट राहू द्या. आधी मासा वर कसा येतोय ते बघा."

पाण्याला फुगवटा, मग पाठ, मग शेपटीचं टोक. मागे बुडबुडा नाही. मासा पृष्ठभागावरची माशी घेतो तेव्हा तिच्याबरोबर हवाही तोंडात जाते आणि मागे बहुधा बुडबुडा उरतो. इथे तो नव्हता, म्हणजे मासे उमलत असलेली, अजून पृष्ठभागाच्या पापुद्र्यात अडकलेली माशी घेत होते. हे मी पहिल्या नकारालाच बघायला हवं होतं. १८ नंबरचा सीडीसी इमर्जर, म्हणजे उमलत्या माशीची नक्कल, बांधला: वाकड्या गळाचं अंग पाण्याखाली लोंबतं, वर फक्त पिसांचा झुबका. सीडीसी म्हणजे बदकाच्या तैलग्रंथीजवळची पिसं; त्यांना जेल लावलं की ती चिकटून बसतात आणि फ्लाय बुडते. सुकी पावडरच वापरावी.

दुसरा दोष ओढीचा होता. संथ पाण्यात फ्लाय बोटभर सरकली तरी माशाला कळतं. शेजारच्या फेसाचा एक ठिपका धरून ठेवायचा. फ्लाय त्याच्यापासून दुरावली तर लाइन ओढतेय. लीडर बारा फुटांचा केला, माशाच्या वरच्या अंगाला तिरपे उभे राहिलो आणि लाइन सैल सोडून फ्लाय खाली वाहू दिली. त्यामुळे टिपेटआधी फ्लायच माशापर्यंत पोचते. दुसऱ्याच फेरीला मासा लागला, नंतर आणखी दोन.

पुढे डोह, खोली दोन मीटर, वर एकही मासा नाही. इथे दोन निम्फ, म्हणजे माशीच्या पाण्याखालच्या पिल्लाच्या नकला: पुढे टंगस्टन मण्याची १४ नंबरची, तिच्या गळाला ४५ सेंटिमीटर टिपेट बांधून मागे १८ ची फेझंट टेल. इंडिकेटर (वर तरंगणारी खूण) निम्फपासून खोलीच्या दीडपट, म्हणजे तीन मीटरवर. तरी निम्फ तळाला टेकेना, कारण वरची धार तळापेक्षा वेगात वाहते आणि इंडिकेटर निम्फना उचलून नेतो. फेक तीन-चार मीटर वरून केली आणि लगेच लाइन उलटून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकली. इंडिकेटर फेसापेक्षा हळू चालू लागला, मधूनमधून अडखळू लागला. तळ लागल्याची हीच खूण.

डोहातले दोन्ही मासे मागच्या फेझंट टेलवर आले. तीच ऑलिव्ह, अजून वर न निघालेली.