काजवे बघायला निघण्याआधी गाडीचे दिवे तपासा

मे महिन्याची अखेर ते मृगाचा पहिला दणदणीत पाऊस, भंडारदऱ्याच्या परिसरातला काजव्यांचा हंगाम एवढाच. वळवाच्या एक-दोन सरी होऊन हवा दमट झाली की ते वाढतात आणि झोडपून पाऊस लागला की संपतात. त्यामुळे तारीख ठरवण्याआधी गावात फोन करून पाऊस किती झालाय ते विचारा. जमल्यास अमावास्येच्या आसपासचा मधला वार धरा. शनिवारी रात्री तिथे काजव्यांपेक्षा हेडलाइटच जास्त दिसतात.

भंडारदरा धरणाजवळच्या शेंडी गावाहून मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी असा जलाशयाला वळसा घालणारा रस्ता आहे. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, म्हणून वनविभागाच्या नाक्यावर पावती घेतानाच बाहेर पडायची वेळही विचारून घ्या. काजवे लगडतात ते हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर. यंदा कुठलं झाड पेटलंय हे गावातल्या पोरांना बरोबर ठाऊक असतं. गावातलाच वाटाड्या घ्या आणि जेवणही तिथल्याच घरी सांगा.

आता मुद्द्याचं. काजव्याचं लुकलुकणं म्हणजे नराने मादीला घातलेली साद. प्रौढ काजवा जगतो जेमतेम काही आठवडे आणि तेवढ्यात जोडीदार सापडायला हवा. भरलेल्या झाडावर उजेडाची लाट बुंध्याकडून शेंड्याकडे धावत असते. तेवढ्यात एखादी गाडी वळते, झोत फांद्यांवर पडतो आणि अख्खं झाड विझतं. गाडी गेल्यावरही काही वेळ अंधारच राहतो. अशा वीस गाड्या आल्या, तर त्या झाडावरची रात्र फुकट गेली.

म्हणून गाडी दिवसाउजेडी, परतीच्या दिशेला तोंड करून, झाडांपासून लांब लावा. रिमोटने कुलूप लावलं की चारही इंडिकेटर चमकतात, त्यामुळे दार किल्लीनेच बंद करा. दार उघडल्यावर लागणारा आतला दिवा आधीच बंद करून ठेवा. नव्या गाड्यांत इंजिन चालू असेपर्यंत पुढचे छोटे दिवे जळतच राहतात, म्हणून एसीसाठी इंजिन चालू ठेवून बसू नका.

टॉर्च लागतोच, पण काचेवर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन पदर घालून रबरबँड लावा आणि झोत पायापाशीच ठेवा. मोबाइल खिशात राहू द्या. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि एकदा स्क्रीन बघितली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

रस्ता सोडून झाडाखाली जाऊ नका, हे कळकळीचं सांगणं आहे. काजव्यांची अंडी ओलसर मातीत असतात आणि अळ्या तिथेच गोगलगायी खाऊन वाढतात. पुढच्या वर्षीचे काजवे त्या पाचोळ्यातच आहेत. डास चावतात म्हणून स्प्रे मारू नका, तो काजव्यांनाही मारक ठरतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायमोजे आणि बूट पुरतात. बूट साप-विंचवासाठीही हवेतच.

फोटो काढायचा असेल तर ट्रायपॉड हवा. संधिप्रकाशातच झाडावर फोकस साधून मॅन्युअलवर टाका, कारण अंधारात ऑटोफोकस भिरभिरत राहतो आणि कॅमेऱ्याचा मदतनीस दिवा पेटतो. तो दिवा सेटिंगमधून बंद करा, मागची स्क्रीनही झाका. लेन्सचं छिद्र एफ/२.८, प्रकाशाची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ १६०० ते ३२००, वीस-तीस सेकंदांचे बरेच फोटो काढा आणि नंतर घरी ते थरांसारखे एकावर एक ठेवून जोडा. एकाच फोटोत क्वचितच मनासारखं उतरतं. फ्लॅश कधीच नाही.

मुक्कामाचा तंबू गावकऱ्यांनी ठरवून दिलेल्या जागीच लावा. जलाशयाचा काठ या दिवसांत उघडा पडलेला असतो. वरून कोरडा दिसणारा गाळ आत गुडघाभर ओला असतो आणि पाय रुतला की निघत नाही, म्हणून रात्री पाण्याकडे जाऊच नका. वळीव विजा घेऊन येतो. ढग गडगडू लागले की एकट्या झाडाखालून आणि तंबूतूनही उठा आणि गावातल्या पक्क्या घरात जाऊन थांबा.