दूरचे शब्द

मराठीत दूरच्या, अवघड जागांसाठी शब्दांची वाण नाही, पण त्यांतला ‘दुर्गम’ मला सर्वांत नेमका वाटतो. जिथे जाणे कष्टाचे ते दुर्गम, आणि त्याच धातूतून आलेला ‘दुर्ग’ म्हणजे माणसाने मुद्दाम अवघड करून ठेवलेली जागा. ‘आडवळणी’ त्यामानाने सौम्य आहे. आडवळणी गाव लांब असेलच असे नाही, फक्त एसटीचा मुख्य रस्ता त्याला टाळून गेलेला असतो.

१७५८ मध्ये मराठी फौजा सिंधूकाठच्या अटकेपर्यंत पोहोचल्या आणि ‘अटकेपार’ हा शब्द अंतराच्या टोकाला जाऊन बसला. आता कोणाच्या मुलाला परदेशात नोकरी लागली तरी झेंडा अटकेपारच लागतो, मग तो देश अटकेच्या उलट्या दिशेला का असेना.

वस्तूंच्या बाबतीत मात्र आपण दूरचे गाव सरळ नावातच गुंडाळून टाकले. मोसंबीत मोझांबिक आहे, आणि जुनी माणसे पांढऱ्या साखरेला ‘मोरस’ म्हणत, त्यात मॉरिशस आहे. ‘विलायत’ म्हणजे मुळात राज्य किंवा प्रांत. आपल्याकडे ती इंग्लंड झाली आणि पुढे कुठलीही परकी वस्तू विलायती ठरली. जिलबीसारखी वळलेली, गुलाबी झाक असलेली विलायती चिंच सोलून आतली काळी बी थुंकताना, हे झाड मेक्सिकोकडचे आहे आणि आपल्या चिंचेशी त्याचे नाते अगदीच लांबचे आहे, हे लहानपणी आमच्या गावीही नव्हते.