माझाच फोटो, मग पैसे कशाचे?

नांदेडकडच्या माळेगावची खंडोबाची जत्रा उठली की आठ-पंधरा दिवसांत मेसेज सुरू होतात. "सर, तो घोड्याजवळचा मी आहे, पाठवा ना." मी दर कळवतो. मोबाइलपुरता ३००, घरात लावायला बारा बाय अठराची प्रिंट ९००. मग ठरलेला प्रश्न येतो: तोंड माझं, काढलात न विचारता, आणि वर पैसेही मीच द्यायचे? इतक्या जणांनी विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

कायद्याचं आधी उरकू. १९५७चा कॉपीराइट कायदा, कलम १७. तुम्ही पैसे देऊन मला लग्नाला बोलावलंत आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर त्या फोटोंचे पहिले मालक तुम्ही. जत्रेत मला कुणी बोलावलेलं नसतं. तिथला फोटो माझा; मी असेपर्यंत, आणि मी गेल्यावर आणखी ६० वर्षं. तीनशे रुपयांत तुम्हाला मिळते ती वापरायची परवानगी. स्टेटसला ठेवा, पाहुण्यांना पाठवा. धंद्यासाठी, जाहिरातीसाठी, बॅनरसाठी नाही. अशी परवानगी लेखी हवी, म्हणून आता मी तीन ओळी सोबत पाठवतो. "बटण दाबायला काय लागतं" म्हणणाऱ्यांनी डिसेंबरच्या धुळीत, घोड्यांच्या लाथा चुकवत एक दिवस काढून बघावा.

हे उत्तर मला तोंडपाठ आहे. पण एका माणसापुढे ते तोंडातून निघालं नाही.

घोडेबाजारात दोघं समोरासमोर उभे होते, मध्ये टॉवेल, टॉवेलाखाली हात. ज्यांनी बाजार केलाय त्यांना सांगायला नको. भाव तिथे तोंडानं होत नाही, बोटं धरून होतो, शेजारच्याला कळू नये म्हणून. त्यातले म्हातारे अण्णा आपला काही संबंधच नाही अशा चेहऱ्यानं भलतीकडेच बघत होते. मिशीवर भंडारा. मी तेवढा एकच फोटो काढला आणि सरकलो.

महिन्याभरात एकाचा फोन. "मी त्यांचा पुतण्या. घरात लावायचाय." तेव्हा माझा एकच दर होता, पाचशे. पैसे आले, फाइल गेली. फाइल मुद्दाम छोटी दिली, दोन हजार पिक्सेलची. बारा बाय अठराच्या चांगल्या प्रिंटला ३६०० बाय ५४०० लागतात, तेव्हा यातून मोठं काही निघणार नाही, हा माझा शहाणपणा. पण फ्लेक्स बघायचा असतो रस्त्यापलीकडून. त्याला तेवढे पिक्सेल पुरून उरतात.

तालुक्याच्या चौकात साहेबांचा वाढदिवस लागला. साहेब हात जोडून, आणि खालच्या कोपऱ्यात भंडारा लावलेले अण्णा. वर 'शेतकऱ्यांचा कैवारी'.

अण्णांचा मुलगा घर शोधत आला. चप्पल बाहेर काढली, पाणी घेतलं नाही.

"अण्णा त्या माणसाच्या दारात जन्मात गेले नाहीत. गाव विचारतंय, किती घेतले म्हणून." मग माझ्याकडे बघून, "तुम्ही किती घेतले?"

"पाचशे."

त्यानं पाचशेची नोट काढून टीपॉयवर ठेवली. "घ्या. आता वापस आणा."

मी परवानगीचं सांगू लागलो. घरगुती वापर, फसवणूक, पुतण्या. "पुतण्या खराच आहे," तो म्हणाला. "पण विकले तर तुम्हीच ना?"

फ्लेक्सवाल्याला फोन केला, तर वाढदिवस होऊन फ्लेक्स उतरलाही होता. पुढे तो एका कडब्याच्या गंजीवर दिसला. साहेब घडीत दबलेले, अण्णा वर.

त्याआधीचा मी फार ठाम होतो. फोटो माझा, चेहरा तुमचा, विषय संपला, असं लोकांना ऐकवायचो. आता त्या ठाम माणसाशी माझं रोज भांडण होतं. कॉपीराइटच्या कायद्यात फोटो काढणारा आहे, पैसे देणारा आहे. फोटोतल्या माणसाला बसायला पाट नाही. म्हणून मी नियम केला: ज्याचा फोटो त्यालाच, नाहीतर त्याच्याशी फोनवर बोलून. तर नातवंडं चिडतात, आमच्याच आजोबांचा फोटो आम्हाला का नाही? पैसे मात्र मी अजून घेतो. फुकट दिलेले फोटो खालचं माझं नाव कापून ग्रुपवर फिरलेत, म्हणून घेतो. आणि खरं सांगायचं तर मला पैसे लागतात. हाच अण्णांचा फोटो मी दोन स्पर्धांना पाठवलाय. अण्णांना विचारून? नाही. ते कसं बसवायचं, मला जमलेलं नाही.

पाडव्यानंतर प्रिंट फ्रेम करून त्यांच्या गावी घेऊन गेलो. सोबत ती नोट. मुलानं नोट घेतली नाही. "फ्रेमचे झाले की ते," म्हणाला.

अण्णा ओसरीवर होते. फ्रेम पार डोळ्यांजवळ नेली. चेहऱ्याकडे बघितलंच नाही, टॉवेलावरून अंगठा फिरवला.

"बोटं दिसनात ना?"

"नाही अण्णा."

"मग असू द्या."