आमची वाटचाल : पंक्चरच्या दुकानातून फिक्स्ड गाड्यांकडे

पुलगाव–आर्वी रस्त्यावर बाबांनी दुकान टाकलं ते पंक्चर, हवा आणि भाड्याच्या सायकलींच्या जोरावर. गिऱ्हाईक म्हणजे पुलगावच्या कापड गिरणीत पाळीवर जाणारे कामगार, दारूगोळा डेपोतले मजूर आणि शाळेची पोट्टी. गाडी सगळ्यांची एकच: दांड्याची काळी, अठ्ठावीस इंची, रॉडच्या ब्रेकची. पुढे गिरणी बंद पडली, घरोघरी मोटारसायकली आल्या. भाड्याच्या सायकली आम्ही भंगारात दिल्या आणि बरीच वर्षं दुकान ओव्हरहॉलिंग आणि लहान पोरांच्या गाड्यांवर कसंबसं चाललं.

आज दुकानातला मोठा हिस्सा जुन्या रेसर शोधून त्या फिक्स्ड करण्याचा आहे. फिक्स्ड म्हणजे मागे फ्रीव्हील नाही. चाक फिरतंय तोवर पैडल फिरणारच, पाय थांबवायची सोय नाही. पुण्यात बालेवाडीच्या व्हेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतीच्या ट्रॅकवर, धावतात त्या गाड्या याच जातीच्या. धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला होता. तिथली पोरं हौसेनं असल्या गाड्या रस्त्यावर चालवतात हे पाहून त्यानं फोन केला, "दादा, आपल्या इकडे जुन्या रेसर पडून असतीन ना गा?"

होत्याच. ऐंशी-नव्वदच्या दशकात ज्या घरी संत्र्याचा नाही तर कापसाचा पैसा होता, तिथला पोरगा कॉलेजात गेला की वाकड्या हॅण्डलची गाडी मागायचा. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातून खेळाचं शिक्षण घेऊन आलेल्यांकडेही असायच्या. पोरं नोकरीला लागली, गाड्या कुटाराच्या कोठ्यात टांगून राहिल्या. मोर्शी-वरुडकडे कुणाच्या घरी विचारलं की हमखास ऐकू येतं, "घेऊन जा न बाप्पा, जागा तरी मोकळी होईन." आणि आपण नीट न्याहाळायला लागलो की तीच गाडी लगेच महाग होते.

न्याहाळल्याशिवाय मात्र आम्ही घेत नाही. पाहिलेल्यांपैकी बहुतेक गाड्या तिथेच सोडून येतो, आणि माझ्या मते धंदा त्या सोडण्यावरच टिकला आहे. रंग, स्टिकर, हॅण्डल शेवटी बघायचं. आधी मागच्या चाकाची खाच, म्हणजे फ्रेमला जिथे चाकाचा एक्सल बसतो ती. गिअरच्या गाडीत चेन ताणून धरायचं काम डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा मागचा घोडा, करतो. फिक्स्डमध्ये डिरेलर निघतो, म्हणजे चेन ताणायची ती चाक मागे सरकवूनच. खाच आडवी किंवा तिरपी हवी. उभी असेल तर चाक सरकणार कुठे? त्यावर उपाय आहेत, एक्सल मधोमध नसलेला एक्सेंट्रिक हब मिळतो, पण त्याच्या किमतीत दुसरी फ्रेम येते. उभ्या खाचेच्या गाडीला आम्ही रामराम करतो.

मग त्या खाचांमधलं अंतर. पाच गिअरच्या जुन्या गाडीत ते १२० मिलिमीटर असतं, आणि फिक्स्डला लागतो तो ट्रॅक हब, म्हणजे मागच्या चाकाचा मधला तुंबा, तोही १२०चाच, म्हणजे सरळ बसतो. सहा-सात गिअरवाल्या गाडीत १२६ असतं. तिथे एक्सल पुरेसा लांब असेल तर दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटरचे वॉशर टाकून भागतं. पोलादी फ्रेम थोडी दाबूनही घेता येते. अ‍ॅल्युमिनियमला तसा हात लावायचा नाही.

अपघात झालेली गाडी ओळखायला हेडच्या (हॅण्डल बसतो त्या पुढच्या उभ्या पाइपाच्या) मागे खालच्या पाइपाच्या पोटाखालून बोट फिरवायचं. समोरून धडकलेल्या फ्रेमला तिथे सुरकुती येते. रंग मारला तरी बोटाला कळते. फ्रेम वाकडी आहे का, त्याला दोरी. हेडपासून एक दोरी मागच्या दोन्ही खाचांना वळसा घालून परत हेडवर आणायची आणि सीटच्या पाइपापासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजायचं. सारखं आलं पाहिजे. खिशात चुंबक असतोच. लांबी (पुट्टी) भरून रंग दिलेल्या जागी तो चिकटत नाही, हे सांगितल्यावर विकणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. सीटपोस्ट हलतो का तेही पाहायचं. पोलादात अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट वर्षानुवर्षं राहिला की असा धरून बसतो, की काढताना फ्रेम जाते.

चाकांचा प्रश्न आपल्याकडे नेहमीचा. या रेसर बहुतेक २७ इंची, म्हणजे रिंगचं माप ६३० मिलिमीटर. आता टायर सहज मिळतात ते ७००सीचे, ६२२चे. रिंग बदलली की ब्रेकचं रबर चार मिलिमीटर खाली यावं लागतं. ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा आहे का, ते घेतानाच बघून ठेवतो, कारण पुढचा ब्रेक काढून गाडी आम्ही कुणालाच देत नाही. गिऱ्हाईक रुसलं तरी चालेल.

काही मिस्त्री साध्या फ्रीव्हीलच्या हबवर दातेरी चाक चढवून वर बीबीची (पैडलच्या एक्सलच्या जागेची) लॉकरिंग, म्हणजे आवळायची कडी, आवळतात. पैडलवर मागे जोर आला की ते सुटू शकतं. ट्रॅक हबला लॉकरिंगची आटी उलटी असते ती यासाठीच. हा जुगाड आमच्या दुकानात होत नाही.

दात्यांचं गणित भावाला फार आवडतं. पुढे ४८ आणि मागे १६ घेतले, तर चाक लॉक करून घसरत थांबताना टायर दरवेळी एकाच जागी घासतो. ४२ आणि १७ घेतले तर घासण्याच्या सतरा जागा होतात, टायर जास्त टिकतो, आणि इकडच्या उलट्या वाऱ्यात गुडघेही. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत मात्र कुठलीच रेसर नेऊ नये. चिमट्यात चिखल बसला की ढकलतच आणावी लागते.

गावातली पोरं आता आमच्याकडून घेतात ती दोन्हीकडे आटी असलेल्या हबची गाडी, एका बाजूला फिक्स्ड आणि दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील. शेतावर जायचं असलं की चाक उलटं करून लावतात. पुण्या-नागपूरच्या मंडळींनी आपली जुनी गाडी पाठवायची असेल, तर आधी मागच्या खाचेचा आणि हेडखालच्या पाइपाचा फोटो पाठवावा. चुंबकही लावून बघावा. फ्रीजवरचा चालतो.