पाटावरून उठताना

बडोदे, ऋषिपंचमी, रात्री साडेनऊ

आज धाकट्या जावेकडे सप्तर्षींची पूजा होती. माझ्या व्रताचे उद्यापन होऊन बारा वर्षे झाली, तरी आघाड्याच्या काड्यांपासून ऋषीच्या भाजीपर्यंत तिच्या हाताखाली कोणी असावे म्हणून मी दरवर्षी जाते. पूजा आटोपल्यावर मी चटईवरून उठले. उजवा हात जमिनीवर टेकला, डावे पाऊल पुढे रोवले आणि मांडीच्या जोरावर उभी राहिले. कोणी माझ्या काखेत हात घातला नाही आणि कोणाचे माझ्याकडे लक्षही गेले नाही. ते लक्ष न जाणे मला किती मोलाचे वाटले, हे लिहून ठेवण्यासाठीच आज वही उघडली आहे.

गेल्या वर्षी याच खोलीत, याच दिवशी मला उठता आले नव्हते. आरती झाली, सगळ्या बायका उभ्या राहिल्या आणि मी मात्र बसूनच राहिले. एकदा प्रयत्न केला, गुडघ्यांनी साथ दिली नाही, दुसऱ्यांदा केला तेव्हा तोल जाऊन समईवर हात पडता पडता राहिला. मग दोघी भाच्यांनी दोन्ही बाजूंनी धरून मला उभे केले. त्या किती प्रेमाने धावल्या हे मला माहीत आहे, पण घरी परतताना मी रिक्षात रडले. ज्या घरात मी वाढले तिथे जेवण, अभ्यास, निवडणे-टिपणे, सगळे जमिनीवर होत असे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्याकडे जेवणाचे टेबल आले आणि त्यानंतर मी जमिनीवर बसणेच सोडून दिले, हे त्या दिवशी प्रथम माझ्या ध्यानात आले.

तेव्हा माझे वय ६५, उंची १५२ सेंटिमीटर आणि वजन ७१ किलो होते. शरीरभार निर्देशांक (बीएमआय) तिसाच्या पुढे गेला होता आणि आपल्याकडच्या लोकांसाठी २३ पासूनच जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानतात. कमरेचा घेर स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा असे सांगतात; माझा ९८ होता. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी ६.२ टक्के, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी वजन कमी करा असे सांगितले, जे ते गेली दहा वर्षे सांगत होते, आणि या वेळी मी ते मनावर घेतले.

पण मनावर घेऊन मी जे केले ते चुकीचे होते. ओळखीच्या एकीने दिलेला एक छापील आहारतक्ता मी अडीच महिने पाळला. सकाळी फळे, दुपारी भाज्यांचे सूप आणि काकडी, रात्री पुन्हा सूप. शिवाय कमाटीबागेत रोज पाऊण तास चालणे. दिवाळीपर्यंत पाच किलो वजन उतरले. भेटेल तो कौतुक करत होता आणि मीही खूश होते. मात्र केस मूठमूठ गळत होते, दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येत होती आणि माळ्यावरचा फराळाचा डबा काढताना हात थरथरत होते. वयामुळे होत असेल, असे मी स्वतःला समजावत राहिले.

गुडघ्यासाठी ज्या फिजिओथेरपिस्टकडे गेले, ती माझ्या मुलीपेक्षाही लहान आहे. तिने गुडघा पाहण्याआधी मला एका साध्या खुर्चीवर बसवले, हात छातीवर दुमडायला सांगितले आणि तीस सेकंदांत जितक्या वेळा पूर्ण उभे राहून बसता येईल तितक्या वेळा उठायला-बसायला लावले. माझ्या आठ खेपा झाल्या. माझ्या वयाच्या स्त्रीला किमान अकरा जमायला हव्यात. मग तिने शांतपणे सांगितले, “काकू, तुमचं वजन उतरलंय, पण त्यात चरबीबरोबर स्नायूही गेलेत. हे असंच चालू ठेवलंत तर तुम्ही बारीक व्हाल आणि आणखी अशक्त व्हाल.” उपासमार करून वजन उतरवले की उतरलेल्या वजनाचा साधारण चौथा भाग स्नायूंसारख्या चरबीविरहित पेशींचा असू शकतो आणि साठीनंतर गेलेला स्नायू परत मिळवणे कष्टाचे असते, हे मला त्या दिवशी समजले.

त्या रात्री मला आईची फार आठवण आली. माझी आई आयुष्यभर सडपातळ होती. शेवटी शेवटी तिचे वजन ४४ किलो होते आणि तिचा बांधा अजून कसा टिकला आहे, असे नातेवाईक नेहमी म्हणत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या न्हाणीघरात ती पडली. पडणे तसे मोठे नव्हते, पण खुबा मोडला. दार आतून लावलेले होते आणि तिला कडीपर्यंतही सरकता आले नाही. कोणाच्या लक्षात येईपर्यंत ती दोन तास ओल्या फरशीवर पडून होती. शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला, पण ती पूर्वीसारखी उभी राहिली नाही आणि सात महिन्यांत गेली. इतकी वर्षे मी समजत होते की जाड बायकांना आजार होतात आणि बारीक बायका सुटतात. कमी वजन हेही हाडे ठिसूळ होण्याचे एक कारण आहे, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही कधी विचारले नव्हते. आईला वजन कमी करायचे नव्हते, तिला बळ हवे होते. मला दोन्ही हवे आहे, परंतु बळ आधी.

ऋषिपंचमीच्या दिवशी हे लिहिताना आणखी एक विचार मनात येतो. पाळी जाणे ही गोष्ट ज्याच्याभोवती उघडपणे बोलली जाते असे आपल्याकडे बहुधा हे एकच व्रत आहे. पाळी गेली, आता उद्यापन कर, असे सासूबाईंनी मला सांगितले आणि सगळे यथासांग झाले. पण पाळी जाताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते, त्यामुळे चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते आणि हाडांची झीज झपाट्याने होते, काही स्त्रियांत तर पाच-सात वर्षांत हाडांच्या घनतेचा पाचवा हिस्सा निघून जातो, हे त्याच वेळी शेजारी बसून कोणी सांगितले असते तर किती बरे झाले असते. माझ्या हाडांची तपासणी कितीतरी वर्षे उशिरा झाली. खुब्याचा टी-स्कोअर, म्हणजे हाडांच्या घनतेचे माप, उणे १.८ आला. उणे २.५ पासून ठिसूळपणा धरतात. मी त्याच्या अलीकडे आहे आणि अलीकडेच राहायचे आहे.

नवीन क्रम कार्तिकातच सुरू झाला. पहिला बदल ताटात झाला. फिजिओथेरपिस्टने आणि डॉक्टरांनी मिळून माझे मूत्रपिंड ठीक असल्याची खात्री केली आणि किलोमागे सुमारे एक ग्रॅम, म्हणजे दिवसाला ६५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने खायला सांगितली. मी आठवडाभर सगळे मोजून वहीत उतरवले, तेव्हा माझ्या साध्या घरगुती जेवणात, सूप-काकडीचा आहार सोडल्यानंतरही, चाळीस ग्रॅमसुद्धा भरत नव्हती. तुरीच्या शंभर ग्रॅम डाळीत २२ ग्रॅम प्रथिने असतात हे खरे, पण आमची आमटी बडोद्याच्या पद्धतीची, पातळ आणि गुळाची. वाटीत जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम डाळ, म्हणजे पाच ग्रॅम प्रथिने. त्यातही घरातल्या बाईने शेवटी जेवायचे आणि तळाशी जे उरेल ते पोळीला लावून घ्यायचे, हा नियम मी कोणी न सांगता चाळीस वर्षे पाळला. मला याचा मनापासून राग येतो, आणि तो स्वतःवरही येतो, कारण माझ्या सुनेसमोर मी हाच धडा ठेवला.

आता सकाळी दोन मुगाची धिरडी आणि दही असते. दुपारी दोन पोळ्या, भाजी, घट्ट वरण आणि भिजवलेल्या हरभऱ्यांची किंवा मटकीची उसळ. संध्याकाळी कपभर दूध, रात्री एक भाकरी आणि पनीर किंवा सोयाबीनचे काही. प्रथिने साठ ग्रॅमच्या जवळ पोहोचतात. साखर चहातून गेली, आमटीतला गूळ चिमटीवर आला, फाफडा आणि सेव-उसळ महिन्यातून एकदा. उत्तरायणाला गच्चीवर उंधियू खाल्ला आणि चिक्कीही खाल्ली. त्यानंतर वजन दीड किलो वाढलेले दिसले तेव्हा पुन्हा सूप-काकडीकडे वळण्याचा मोह झाला होता, पण फिजिओथेरपिस्टने काट्याकडे महिन्यातून एकदाच पाहायचे असे बजावले.

दुसरा बदल व्यायामाचा. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे दमछाक न करता पण श्वास वाढेल इतके चालणे, दोन दिवस ताकदीचा व्यायाम आणि पासष्टीच्या पुढच्यांनी शिवाय तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चालणे मी आधीपासून करत होतेच. कमाटीबागेत पहाटे सहाला आम्ही सात-आठ जणी जमतो, निम्म्या मराठी, निम्म्या गुजराती. सयाजीरावांनी १८७९ साली उभारलेल्या या बागेतल्या वडांखाली अजूनही सकाळी थंडावा असतो, आणि विश्वामित्रीच्या पुलावर थांबून पाण्यात मगर दिसते का ते पाहण्याची सवय कोणाचीच सुटलेली नाही. परंतु नुसत्या चालण्याने मला जमिनीवरून उठता आले नसते.

उठता आले ते घरातल्या व्यायामाने. खुर्चीवरून हात न लावता उठणे-बसणे, प्रत्येकी आठच्या तीन फेऱ्या, खाली येताना मनात चार आकडे मोजत. ओट्याला धरून टाचा उचलणे. भिंतीला हात टेकून जोर काढणे. पाण्याच्या दोन लिटरच्या बाटल्या खांद्यापर्यंत उचलणे, आणि मार्चनंतर पाच किलो गव्हाची पिशवी जमिनीवरून पाठ ताठ ठेवून उचलून ओट्यावर ठेवणे. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एका पायावर उभे राहणे, एक बोट ओट्याला लावून. सोमवार, गुरुवार, शनिवार. ज्या आठवड्यात आठ खेपा सोप्या वाटल्या त्याच्या पुढच्या आठवड्यात दहा. हे वाढवत नेणे हाच त्यातला गाभा आहे असे फिजिओथेरपिस्ट सांगते. स्नायूला थोडे जास्त मागितल्याशिवाय तो देत नाही.

यातला सर्वांत उपयोगी धडा पडल्यावर उठण्याचा होता. तिने मला चटईवर आडवे झोपवले आणि उठायला शिकवले: आधी कुशीवर वळायचे, मग कोपरावर, मग दोन्ही हात आणि गुडघे, मग जवळच्या खुर्चीपर्यंत रांगत जायचे, दोन्ही हात बैठकीवर ठेवायचे, सबळ पायाचे पाऊल पुढे रोवायचे आणि तो पाय दाबत वर यायचे. मी हे दहा-पंधरा वेळा केले तेव्हा मला आईच्या न्हाणीघराची कडी दिसत होती. साठीच्या प्रत्येक बाईला हे शिकवले गेले पाहिजे, आणि तेही पडण्याच्या आधी.

या वयात आता कशाला, असे जवळच्या माणसांनीही विचारले. त्यांना मी फिजिओथेरपिस्टकडून कळलेली एक गोष्ट सांगते. १९९० साली अमेरिकेत एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला गेला. नऊ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर तिथेच झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, २००२ साली, थोडे वजन उतरवणे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे हालचाल यांनी मधुमेहाची शक्यता ५८ टक्क्यांनी घटली, पण साठीपुढच्या गटात ती ७१ टक्क्यांनी घटली. आपल्या वयाला फायदा कमी होत नाही, जास्त होतो.

माझे आजोबा बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिर या आखाड्यात गुरू माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले होते आणि ऐंशीच्या वर्षीही जोर काढत. घरातली मुले आखाड्यात पाठवली जात. मला वाटे, मलाही न्यावे. मुलीच्या जातीला दळण-पाणी पुरे आहे, असे आजी म्हणायची. दळण गिरणीत गेले आणि पाणी नळाला आले, पण त्यांच्या जागी आम्हाला काही दिले गेले नाही.

आज सकाळी निघण्यापूर्वी महिन्याचे मोजमाप केले. वजन ६३.५, कंबर ८९, साखर गेल्या तपासणीत ५.८, खुर्चीच्या खेपा तेरा. निर्देशांक अजून २७ च्या पुढेच आहे. डावा पाय उजव्यापेक्षा कच्चा आहे, म्हणून आज मुद्दाम तोच पुढे रोवला. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे गुडघ्यावरचा भार पावलागणिक चार किलोंनी हलका होतो असे म्हणतात, आणि जिना उतरताना मला ते खरे वाटते.

घरी आल्यावर ह्यांच्याकडून माळ्यावरचा आईचा शिसवी पाट काढून घेतला आणि धुऊन गच्चीत उन्हाला ठेवला. रात्रीचे जेवण यापुढे जमिनीवर बसून करायचे ठरवले आहे, म्हणजे रोज किमान एकदा उठणे होईल. पाटाखालची एक पट्टी सैल झाली आहे, ती रावपुऱ्यातल्या सुताराकडून बसवून घ्यायची आहे. तोवर चटईवर बसेन.