मोरसला राहिलेला थोरला

आमची आजी साखरेला कधी साखर म्हणायचीच नाही, "मोरस" म्हणायची. धनकवडीच्या घरात चहाचं आधण ठेवलं की "तुला मोरस किती घालू गं?" मोरस म्हणजे मॉरिशस, तिकडून यायची म्हणून पांढऱ्या साखरेला ते नाव पडलं, हे मला फार उशिरा कळलं. आणि आमच्याच घरातलं एक पोर त्या बेटावर जन्मलं होतं हे तर त्याहून उशिरा.

आत्याला माहिती होतं ते एवढंच, की खापरपणजोबांचे आईवडील रत्नागिरीकडून बोटीने गेले, उसाच्या मळ्यात राबले, तिथे त्यांना पहिला मुलगा झाला, आणि परत आले तेव्हा तो बरोबर नव्हता. त्याचं नाव घरात कुणी घेत नसे. मला ते सहनच होत नाही, पाच-सहा वर्षांचं पोर आणि नावसुद्धा नाही?

दोन वर्षं शोधतेय. १८३४ पासून साडेचार लाखांच्या आसपास माणसं करारावर तिकडे गेली, बरीचशी बिहारकडची, पण मुंबई बंदरातूनही बोटी सुटायच्या आणि त्यात आपली कोकणातली माणसं असायची. पोर्ट लुईला उतरलं की घाटाच्या पायऱ्या चढायच्या (आता त्याला आप्रवासी घाट म्हणतात) आणि मग प्रत्येकाला एक नंबर, रजिस्टरात नाव, बापाचं नाव, जात, वय, उंची, अंगावरच्या खुणा, गाव. ही रजिस्टरं मोका इथे महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवलीयत. कारकुनाने नाव कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं, त्यामुळे एका "विठोबा"चीच स्पेलिंगं मी वहीत पानभर लिहून ठेवलीयत. पण खरं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी, नंबर मिळायचा बोटीने आलेल्यांना, जो तिथेच जन्मला त्याला ना बोट, ना गाव, ना नंबर. म्हणजे आधी आईबाप सापडले पाहिजेत, मग तो.

त्यात १८६७ ला तिथे मलेरियाची भयंकर साथ आली होती, एकट्या पोर्ट लुईत हजारो माणसं गेली, त्यामुळे मी मनातून धरूनच चालले होते की पोर त्यातच गेलं असणार.

मागच्या महिन्यात आत्याबरोबर त्र्यंबकेश्वरला गेले होते. आडनाव, गाव सांगितलं तसे उपाध्ये गुरुजी आत गेले आणि जुनी नामावळीची चोपडी घेऊन आले, मोडीतली, कडा पार पिवळ्या पडलेल्या, एका जागी शाई पाण्याने फुटलेली. बोट फिरवत फिरवत एका ओळीवर थांबले. खापरपणजोबांच्या वडिलांनी स्वतः सांगून लिहवलेली मुलांची नावं, दोन. पहिल्या नावापुढे दोनच शब्द, "मोरसीं राहिला".

वारला नाही लिहिलेलं. राहिला. आत्या तिथेच ओट्यावर बसली, म्हणाली, "अगं, मग कुणाकडे ठेवून आले असतील गं त्याला?"

परत येताना नारायणगावला गाडी थांबली तेव्हा चहा पिता पिता फोनवरच मोकाला ईमेल लिहिला, बापाच्या नावाची सगळी स्पेलिंगं टाकली, आणि खाली पहिल्यांदाच पोराचं नाव.